झोपेचं सोंग

पत्रिकेत विषय छापलाय, 'लिनक्ससाठी लॅपटॉप निवडताना'. त्यावर येतोच. पण आधी हात वर करा बघू. लॅपटॉप घेताना प्रोसेसर कुठला, रॅम किती, हे कुणीकुणी विचारलं? सगळ्यांनी. आणि तो झोपतो कसा, हे? मागे एक हात दिसतोय. की डोकं खाजवताय?

मीही विचारलं नव्हतं. नवाकोरा लॅपटॉप, त्यावर विंडोजऐवजी डेबियन, म्हणजे लिनक्सचाच एक अवतार, टाकलं, वायफाय, आवाज, सगळं पहिल्या झटक्यात सुरू. भेटेल त्याला दाखवत सुटलो. संध्याकाळी झाकण मिटलं, लॅपटॉप सॅकमध्ये टाकला आणि प्रवासाला निघालो. तासाभरानं पाठीला ऊब जाणवायला लागली. वाटलं, वय झालं. (हसताय काय, तुमचंही होणार आहे.) सॅक उघडली तर आत पंखा घुमतोय, लॅपटॉप इस्त्रीसारखा तापलेला, निघताना ऐंशी टक्के असलेली बॅटरी सात टक्क्यांवर. दिवा मात्र संथ मिणमिणतोय, जणू गाढ झोपेत. कंपनीला फोन लावला. पलीकडच्यानं विचारलं, "विंडोज कुठलं, सर?" म्हटलं, नाहीये. "मग आधी विंडोज टाका, नंतर तक्रार करा."

तर झोपेचे दोन प्रकार. जुनी झोप 'एस-थ्री': प्रोसेसरची वीज तोडायची, फक्त रॅमला पुरवायची. नवी झोप, लिनक्सच्या भाषेत 'एस-टू-आयडल': काही तोडायचं नाही, सगळ्यांनी आपापलं गपगुमान पडून राहायचं. यात एखादं कार्ड, एखादी डिस्क चुळबुळत राहिली की प्रोसेसरला खोल झोपेत उतरताच येत नाही. मोबाइलसारखं झटकन उठता यावं म्हणून हे आलं, आणि बऱ्याच नव्या लॅपटॉपांच्या फर्मवेअरमधून, म्हणजे यंत्रातच भरून येणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, एस-थ्री गायबच झालं. काही थिंकपॅड लॅपटॉपांच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, तेवढा 'स्लीप स्टेट'चा पर्याय असायचा, त्यात चक्क 'लिनक्स' असं लिहिलेलं. मला तर आपल्या जातीचा माणूस परमुलखात भेटावा तसं झालं होतं. आपल्याकडे म्हणतातच, झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही. माझ्या लॅपटॉपची तर झोपही सोंगाची आणि उठणंही. झाकण उघडलं की काळा पडदा.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, पटापट.

दुकानात लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून इन्स्टॉल न करताच लिनक्स चालतं तो, घेऊन जा, त्यावरून लॅपटॉप सुरू करा. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, सिस हा फोल्डर, त्यात पॉवर, त्यातली मेम-स्लीप फाइल वाचा. 'डीप' शब्द दिसला तर एस-थ्री आहे. नुसतंच एस-टू-आयडल दिसलं तर लगेच नाकारू नका, अनेकांवर ते छान चालतं. पण झाकण मिटून अर्धा तास ठेवा, बॅटरी किती उतरली ते बघा. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.

मॉडेलच्या नावावर विसंबू नका. एकाच नावाखाली दोन वेगळी वायफाय कार्डं निघतात. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही आज्ञा चालवून वायफायची चिप कुणाची ते वाचा. इंटेलचं असेल तर सहसा निश्चिंत, ब्रॉडकॉम असेल तर आधी चौकशी. डेबियन 12 पासून, म्हणजे 2023 पासून, अमुक्त, म्हणजे सोर्स कोड खुला नसलेलं, फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं, त्यामुळे वायफायचा ड्रायव्हर उतरवायला वायफाय हवं, हा जुना विनोद बराच संपला. डिस्कच दिसली नाही तर घाबरू नका, बहुधा बायोसमध्ये इंटेलचा रेड किंवा व्हीएमडी, म्हणजे डिस्क हाताळायचा खास मोड, चालू असतो. बंद करा, पण त्यावरचं विंडोज ठेवायचं असेल तर आधी विचारून. बोटाच्या ठशाचं यंत्र चालेलच असं धरू नका. कॅमेरा यूएसबीवरचा असेल तर बरं, इंटेलच्या काही नव्या लॅपटॉपांत तो थेट प्रोसेसरला जोडलेला असतो आणि ड्रायव्हर मागाहून येतात. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड? त्याला वेगळी संध्याकाळ लागेल. रॅम सोल्डर केलेली, म्हणजे नंतर बदलता न येणारी, असेल तर पुढची पाच वर्षं डोळ्यांसमोर आणूनच घ्या.

दुसरी चिठ्ठी. माझ्याकडे तीन पेनड्राइव्ह तयार आहेत, हवेत त्यांनी बाहेर भेटा. परत करायच्या बोलीवर.