वाळा: मातीखालचं गवत

उन्हाळा लागला की बाजारात वाळ्याच्या जुड्या दिसू लागतात. तपकिरी, गुंतलेल्या मुळ्या. धुऊन माठात सोडल्या की पाणी घमघमतं. पण या मुळ्या ज्या गवताच्या, ते हिरवंगार उभं असलेलं किती जणांनी पाहिलंय?

हेच ते. जवळजवळ माणसाच्या उंचीचं दाट बेट. पातीच्या कडेवरून बोट उलटं फिरवू नका, चिरेल. पाती चुरगळून पाहा, वास नाही. सगळा सुगंध जमिनीखाली.

खरी मौजही तिथेच आहे. हरळी आडवी धावते; वाळा आपली जागा सोडत नाही. त्याची मुळं सरळ खाली उतरतात, मऊ जमिनीत तीन-चार मीटरसुद्धा. वरची माती भेगाळली तरी खालची ओल त्याला पुरते.

शेतीतज्ज्ञ जॉन ग्रीनफिल्ड यांनी फिजीतल्या उसाच्या मळ्यांत माती अडवायला वाळा लावला होता. 1980च्या दशकात जागतिक बँकेच्या कामासाठी ते भारतात आले. इथे कर्नाटकात, गुंडलुपेटच्या बाजूला, शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बांधावर वाळाच लावत होते!

लागवड सोपी आहे. मृगाचा पाऊस होऊन जमीन वाफशावर आली, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही, की जुनं बेट उपटून ठोंब फोडायचे. एकेका ठोंबात दोन-तीन फुटवे. पाती वीतभर ठेवून छाटायची, मुळ्या बोटभर. अंगणाला उतार असेल तर उताराला आडवी ओळ धरा आणि दोन ठोंबांत 10 ते 15 सेंटिमीटर अंतर ठेवा. त्याहून विरळ लावलं तर फटींतून माती वाहून जाते. आंब्याच्या सावलीत मात्र नको, वाळ्याला ऊन लागतं. आणि काटक म्हणून पहिल्याच उन्हाळ्यात वाऱ्यावर सोडू नका. मुळं खोल जाईपर्यंत पाणी घालावंच लागतं.

आता माठाचं काय? मुळ्या काढायच्या म्हणजे बेट उपटणं आलं, आणि ते उपटलं की धरून ठेवलेली माती पहिल्या पावसात गेली. म्हणून उतारावरच्या ओळीला हात लावायचा नाही. घरच्या वापराचा वाळा रेताड माती भरलेल्या उंच पोत्यात लावावा. दीडेक वर्षाने पोतं फाडायचं, मुळ्या कापून धुवायच्या, सावलीत वाळवायच्या. वरचे फुटवे टाकू नका, तेच नव्या पोत्यात लावायचे.