घोडा, नोट आणि कुलवृत्तान्त

आधी ही नोट बघून घ्या. वीस ऑस्ट्रेलियन डॉलरची. प्लॅस्टिकची आहे, भिजली तरी काही होत नाही. सिडनीचा मुलगा देऊन गेलाय, तेव्हा पहिल्या रांगेपासून मागे जाऊ दे, पण परतही येऊ दे. तिच्यावर चश्मा आणि टोपडं घातलेल्या बाई आहेत ना, हळदीकुंकवाला लवकर येऊन बसणाऱ्या आत्याबाई वाटाव्यात अशा, त्या घोडाचोर आहेत.

मेरी रीबी. माहेरची हेडॉक. लँकेशरातल्या बरी गावी १७७७ साली जन्म. आजीने वाढवलं. पोरगी घरातून पळाली, मुलाचे कपडे चढवले, नाव सांगितलं जेम्स बरो. जुलै १७९१मध्ये स्टॅफर्डच्या कोर्टात उभी राहिली तेव्हा उघड झालं की हा जेम्स नव्हेच! वय १४. त्या काळी इंग्लंडात घोडा चोरणं म्हणजे फाशीचा गुन्हा. हिला ७ वर्षांची हद्दपारी झाली. काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं. इंग्रजांनी आपल्याच पोराबाळांसाठी त्याआधी सिडनीचं काळं पाणी काढलं होतं.

ऑक्टोबर १७९२मध्ये ‘रॉयल ॲडमिरल’ जहाज तिथे पोचलं. जहाजावरूनच तिने घरी पत्र लिहिलं. लोक म्हणतात जन्मठेप आहे, गव्हर्नर म्हणतात सातच वर्षं, पण मी दोन-तीन वर्षांत निसटायचं बघते, असा त्याचा मतलब. पत्र ‘आंट’ला आहे. इंग्रजांनी मावशी, आत्या, काकू, मामी सगळ्या एकाच दावणीला बांधलेल्या. आपल्याकडे चार वेगळे शब्द आहेत, म्हणून हसू नका. शब्द चार आणि कुलवृत्तान्तात जागा एकीलाही नाही!

हे मी अनुभवाने बोलतेय. आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त निघाला. जाडजूड, कापडी बांधणीचा, मी आगाऊ पैसे भरून घेतलेला. त्यात पणजोबांना सव्वा पान. त्यांची विहीर, त्यांची मुंज, इतकंच काय, त्यांच्या घोडीचा रंगसुद्धा. पणजीला अर्धी ओळ: ‘भार्या राधा, माहेर अज्ञात.’ अहो, माहेर अज्ञात कसं? मी स्वतः त्या वाड्यातल्या जांभळाखाली खेळलेय! पणजोबा चाळिशीत गेले. मागे पाच पोरं आणि टपून बसलेली भावकी. पणजीने जमिनीचा दावा बारा वर्षं लढवला. भाकरी बांधून तालुक्याला चालत जायची, वकिलाच्या ओटीवर दिवसभर बसून राहायची. निकाल तिच्या बाजूने लागला. कुलवृत्तान्तात काय छापलंय? ‘सदर दावा कुटुंबाने जिंकला.’ आता जुन्या मराठीत कुटुंब म्हणजे बायको, त्यामुळे चुकून खरं छापलं गेलं. संपादकांना मी तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं, ‘पुढील आवृत्तीत पाहू.’ पुढील आवृत्ती! माझा नातू ती पाहील कदाचित.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरली म्हणून. विषय तर वसाहतीतल्या बाईचा वंश कसा शोधावा हा होता. तर भराभर सांगते.

मेरीने १७९४ साली टॉमस रीबीशी लग्न केलं. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला. त्यांच्या पेढीचं नाव एन्टाली हाऊस, म्हणजे आपल्या कलकत्त्यातलं एन्टाली. तो १८११मध्ये वारला. ही ३३ वर्षांची, ७ मुलं. तिने खाणावळ, जहाजं, गोदाम सगळं सांभाळलं, १८१२मध्ये नवीन वखार उघडली. १८१७ साली बँक ऑफ न्यू साउथ वेल्स सुरू झाली ती तिच्याच घरात, भाड्याने. १८२०मध्ये मुलींना घेऊन लँकेशरला जाऊन आली. आणि १८२८च्या शिरगणतीत नोंद काय केली? ‘१८२१मध्ये स्वतंत्र आले.’ शब्दाने खोटं नाही, त्या फेरीला ती स्वतःच्या तिकिटावरच आली होती. धर्मराजाचं नरो वा कुंजरो वा! फक्त हत्तीच्या जागी घोडा.

नातू टास्मानिया वसाहतीचा प्रीमियर, म्हणजे तिथला सरकारप्रमुख झाला, १८७६ साली. कैद्यांची अवलाद म्हणवून घ्यायची तिकडे कित्येक पिढ्या लाज होती, घरोघर असे पूर्वज दडवले गेले. आता लोक मिरवतात. म्हणून माझं म्हणणं, वंशावळ शेवटी उघडा. आधी खटल्याचे कागद बघा, मग शिरगणती, जाहिराती, खरेदीखतं. जिथे पैसा, भांडण किंवा पोलीस, तिथे बाई सापडते.

आणि एक राहिलंच, ते खरं तर आधी सांगायचं होतं. १८२०पर्यंत मेरीकडे १००० एकर जमीन होती, निम्मी सरकारने दिलेली. सरकारने ती कुठून आणली? हॉक्सबरी नदीच्या काठी, जिथे या जोडप्याने संसार थाटला, तिथे आधीपासून दारुग लोक राहत होते. त्यांचा दावा कुठल्या कोर्टात चालला नाही. यावर वेगळं व्याख्यान लागेल, बोलावलंत तर येईन.

बरं, नोट कुठपर्यंत पोचली? चौथ्या रांगेपर्यंत मी बघत होते.