ताकोराडी : रुळांच्या टोकाचे बंदर

समुद्रात शिरलेल्या दोन दगडी भिंती आणि त्यांच्या कुशीतले शांत पाणी, हे घानाच्या ताकोराडी बंदराचे पहिले दर्शन. हे पाणी माणसाने शांत केले आहे, कारण या किनाऱ्याला नैसर्गिक आडोसा फारसा नाही.

या बंदराची कथा मात्र रेल्वेपासून सुरू होते. गोल्ड कोस्ट या तत्कालीन ब्रिटिश वसाहतीत, म्हणजे आजच्या घानात, सोन्याच्या खाणींसाठी शेजारच्या सेकोंडीहून टाकलेला लोहमार्ग 1901 मध्ये टारक्वाला आणि 1903 मध्ये कुमासीला पोहोचला. आतल्या मुलखातून गाडीने वेगाने आलेला माल किनाऱ्यावर येऊन अडे. जहाजे दूर नांगर टाकून उभी राहत आणि कोकोची पोती उसळत्या लाटांतून होड्यांनी त्यांच्यापर्यंत न्यावी लागत. 1914 मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ अल्बर्ट किटसन यांना टारक्वाजवळच्या न्सुटा येथे मँगनीज सापडले. पोलादासाठी लागणारे हे जड खनिज हजारो टनांनी होड्यांत भरणे परवडणारे नव्हते. स्वतः अभियंता असलेले गव्हर्नर गॉर्डन गगिसबर्ग यांनी खोल पाण्याच्या बंदराचा आग्रह धरला आणि 1928 मध्ये ताकोराडी खुले झाले. देशातले हे अशा प्रकारचे पहिलेच बंदर होते.

दुसऱ्या महायुद्धात येथे पेट्यांतून विमानांचे सुटे भाग उतरत आणि जोडलेली विमाने आफ्रिका ओलांडून इजिप्तला उडत जात; पण तो प्रसंगापुरता पाहुणचार होता. बंदराचा नित्याचा व्यवहार मँगनीज, आवासोचे बॉक्साइट, लाकूड आणि कोको यांचाच राहिला. पुढे 1962 मध्ये पूर्वेकडे टेमा बंदर सुरू झाले आणि आयात मालाचा मोठा ओघ तिकडे वळला. 2010 पासून समुद्रात खनिज तेलाचे उत्पादन सुरू झाल्यावर तेलविहिरींना सामान पुरवणाऱ्या बोटीही ताकोराडीत दिसू लागल्या.

गेल्या काही वर्षांत बंदराची लाटरोधक भिंत लांबवण्यात आली आणि सुट्या खनिजासाठी नवा धक्का बांधण्यात आला. न्सुटा ते बंदर या सुमारे 60 किलोमीटरच्या, रेल्वेने कधीकाळी सहज पार केलेल्या वाटेवर आता खनिजाचे ट्रक धावतात, कारण दरम्यानच्या काळात जुने लोहमार्ग मोडकळीस आले. एकेकाळी रेल्वे बंदरासाठी खोळंबली होती. आता नव्या रुळांचे काम सुरू आहे आणि खोळंबले आहे ते बंदर.