रात्री अकरानंतरचा धूर

नमस्कार श्रोतेहो. हवेत पीएम 2.5, म्हणजे 2.5 मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, वाढले की आपण लगेच गाड्यांकडे बोट दाखवतो. आपला केस या कणांच्या 20-30 पट जाड असतो, मग नुसत्या डोळ्यांनी कण कुठला ते कसं ओळखणार? तर फिल्टरमधून 24 तास हवा ओढायची, फिल्टरचं आधीचं आणि नंतरचं वजन करायचं आणि मग लॅबमध्ये बघायचं त्यावर काय काय बसलंय. सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम म्हणजे माती, रस्त्याची नाहीतर बांधकामाची. पोटॅशियम आणि लेव्होग्लुकोसान, म्हणजे लाकूड जळताना तयार होणारा एक पदार्थ, दिसले की समजायचं लाकूड, पालापाचोळा जळलाय. परत सांगतो, वजनावरून किती ते कळतं, कुठून ते आतल्या पदार्थांवरून.

आता पुण्यातली गोष्ट. डिसेंबर होता, आम्ही सिंहगड रोडला एका सोसायटीच्या गच्चीवर सॅम्पलर, म्हणजे फिल्टरमधून हवा ओढणारं ते यंत्र, ठेवला होता. सगळे म्हणाले, रोडच्या ट्रॅफिकचाच धूर येणार बघा. सकाळी फिल्टर काढला तर जळक्या दुधाच्या सायीसारखा तपकिरी, हातात धरला तरी धुराचा वास! लॅबमधून आलं की पोटॅशियम भरपूर आणि क्लोरीनही जास्त. मुंबईत क्लोरीन समुद्राच्या मिठाचंही असतं, पण पुण्यात एवढं आलं तर प्लास्टिक, कचरा जळत असणार. शेजारी दर तासाला पीएम 2.5 मोजणारं मशीन होतं, त्यावर आकडा रात्री 11 नंतर चढायचा आणि पहाटेपर्यंत वरच. ट्रॅफिक तर तेव्हा ओसरलेलं असतं.

म्हणून मीच एका रात्री जाऊन थांबलो. गेटपाशी वॉचमनकाका शेकोटी करून बसलेले, प्लायवूडचे तुकडे, फर्निचरचं पॅकिंग, दुधाच्या पिशव्या, हाताला लागेल ते आत. थंडीत हवा खालीच दबून राहते, धूर वर जातच नाही, तो सगळा आमच्या गच्चीपर्यंत आणि त्याआधी काकांच्या छातीत. मी विचारलं तर म्हणाले, "साहेब, केबिनला दारच नाही, करू काय?"

मला त्यांचा राग आला नाही, सोसायटीचा आला. लॉबीला ग्रॅनाइट आणि माणसाला दार नाही! आणि पालापाचोळा जाळणंही मला कधीच पटलेलं नाही, ते झाडाचं खत आहे, झाडालाच द्या.

नंतर केबिनला दार बसलं, छोटा हीटर आला, शेकोटी बंद. पुढच्या आठवड्यात फिल्टर करडा आला, पोटॅशियम खाली. काळा कार्बन, म्हणजे काजळी, मात्र होताच, तो रोडचा. म्हणजे गाड्या सुटल्या नाहीत हं, पण त्या रात्रीचा धूर त्यांचा नव्हता.