सम मोकळी ठेवणारी भावंडं

मंडळी, विषय दिलाय 'मॉर्गन हेरिटेज: पाच भावंडांची रेगे कारकीर्द'. तिकडे येतोच. आधी एक टाळी वाजवू. चार मात्रा मोजा. एक, दोन, तीन, चार. बघा, सगळ्यांचे हात 'एक'वर पडले. आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, तरी हात समेवर जातो.

रेगे म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या जमैका बेटाचं संगीत. त्यात 'वन ड्रॉप' म्हणून ठेका आहे. या ठेक्यात ड्रमवाला 'एक'वर काही वाजवतच नाही. पायाचा मोठा ढोल आणि स्नेअर या छोट्या ढोलावरची काठी, दोन्ही मिळून तिसऱ्या मात्रेवर पडतात. गिटार दोनवर आणि चारवर 'चक' करून लगेच गप्प होते. आता करा. हात 'एक'वर वर ठेवा आणि तीनवर टाळी. जमत नाही ना? पहिल्या रांगेतले काका हसतायत, पण त्यांचीही टाळी 'एक'वरच गेली, मी पाहिलं.

माझा थोरला भाऊ पखवाज वाजवतो. आमच्या गावच्या भजनात गेली तीस वर्षं तो पखवाजावर, मी टाळावर. त्याला मी हा ठेका ऐकवला. दादा म्हणाला, "समेवर हात पडला नाही तर आपण आलो कुठे हे कळायचं कसं?" प्रश्न रास्त होता. आठ दिवस तो पखवाज घेऊन ओसरीवर बसायचा. मी फोनवर गाणं लावायचो, आणि त्याचा हात 'एक'वर धप्पकन पडायचा. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडायची, "भावोजी, पुन्हा चुकलं हो!" नवव्या दिवशी दादाने मात्रा मोजणं सोडलं. डोळे मिटले आणि नुसता बास, म्हणजे खर्जातली गिटार, ऐकत बसला, कारण रेगेत वाट बासच दाखवतो. आणि हात बरोबर तीनवर पडला. पुढचा अर्धा तास मी टाळ धरला आणि आम्ही थांबलोच नाही. माझा हात कधी येणार हे त्याला माहीत होतं, त्याचा श्वास कधी सुटणार हे मला.

माझं म्हणणं एवढंच आहे. सम मोकळी ठेवायची तर बाकीचे कुठे आहेत याची खात्री लागते. ती रियाजाने येते, पण एका घरात वाढलेल्यांना ती अर्धी आधीच मिळालेली असते.

एक सल सांगतो. आमच्या भागातल्या एका मंडळाला मी गणेशोत्सवात अर्धा तास रेगेवर बोलू द्या म्हणून विनंती केली होती. उत्तर आलं, "ते जटा आणि गांजावाल्यांचं गाणं नको." मला फार लागलं ते. अहो, 'गांजा' हा शब्द जमैकात गेला तो आपल्याकडूनच. 1845 पासून इथले गिरमिटिये मजूर उसाच्या मळ्यांवर नेले गेले, त्यांच्याबरोबर गेला. आणि जटांचं म्हणाल तर या पाच भावंडांचं 1999 चं सगळ्यात गाजलेलं गाणं तेच सांगतं: 'डोन्ट हॅफी ड्रेड'. रास्ता, म्हणजे जमैकातल्या रास्ताफारी पंथाचा माणूस, व्हायला जटा लागत नाहीत, ती अंतःकरणाची गोष्ट आहे. गाणाऱ्यांच्या स्वतःच्या पाठीवर लांब जटा, आणि तेच हे म्हणतायत! नुसती तुळशीची माळ घालून कुणी वारकरी होत नाही, हे आपल्या आज्या सांगत आल्या. मग हे गाणं आपल्याला परकं का वाटावं?

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. कारकीर्द राहिलीच की!

तर भराभर. वडील डेनरॉय मॉर्गन जमैकाचे, 1965 मध्ये अमेरिकेत गेले. 1981 मध्ये 'आय'ल डू एनीथिंग फॉर यू' हे त्यांचं नाचाचं गाणं तिथे गाजलं. मुलं तीस! त्यातल्या काहींना घेऊन बापाने घरातच बँड उभा केला. 1992 च्या रेगे सनस्प्लॅश महोत्सवात मुलं गायली आणि एमसीए या बड्या कंपनीशी करार झाला. 1994 चा 'मिरॅकल' हा पहिला अल्बम अमेरिकी बाजाराकडे बघून केलेला होता, तो चालला नाही. इथे मित्रांचा बँड असता तर फुटला असता, असं मला ठामपणे वाटतं. हे काय करतात? 1995 मध्ये बापाच्या देशात, जमैकात जातात. अमेरिकेत जन्मलेली पोरं उलट्या वाटेने मुळाशी गेली. तिथे किंग जॅमी आणि बॉबी डिजिटल या मुरलेल्या निर्मात्यांच्या हाताखाली घडली. उरली पाच जणं: मुख्य आवाज पीटाचा, खर्जातला आवाज आणि कीबोर्ड ग्रॅम्प्सकडे, बहीण ऊना, तीही कीबोर्डवर, ल्यूक्सची गिटार, मोजोची तालवाद्यं. 1997 चा 'प्रोटेक्ट अस जाह' हा अल्बम ऐका. तिथे त्यांना त्यांचा सूर सापडलाय.

2008 नंतर काही वर्षं ती वेगळी झाली, ज्याने त्याने आपलं काम केलं. 2013 मध्ये पुन्हा एकत्र अल्बम. 2015 चा 'स्ट्रिक्टली रूट्स' त्यांनी स्वतःच्या कंपनीतून काढला आणि 2016 मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट रेगे अल्बमचं ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतलं संगीताचं मोठं पारितोषिक, मिळालं. बड्या कंपनीने जे दिलं नाही, ते घरच्या कंपनीतून मिळालं.

मार्च 2022 मध्ये डेनरॉय गेले. 25 फेब्रुवारी 2024 ला पीटा गेला. ती बातमी मी दादाला फोनवर सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मधला आवाज गेला रे. आता बाकीच्यांनी कुणाकडे बघून उचलायचं?"

वेळ संपली. ध्वनियंत्रणेवाल्या दादांना विनंती, 'डोन्ट हॅफी ड्रेड' लावा, थोडं मोठ्याने. काका, हात वर. तीनवर.