कूलर बंद करून मीटिंग

मे महिना, दुपारचे तीन. नागपुरात पारा ४५च्या वर. आयटी पार्कच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या माळ्यावर एक छोटं सॉफ्टवेअर ऑफिस आहे, चाळीस लोकांचं, आणि आत्ता तिथल्या काचेच्या खोलीत सहा जण टेबलाभोवती बसून बोलून राहिले. सातवी अमरावतीहून, स्क्रीनवर. तिच्या घरी कूलर आहे, पण तो चालू असला की इकडचं बोलणं कळत नाही, म्हणून बंद केलाय. ती घामानं भिजत ऐकतेय, आणि इकडे चारी बाजूंनी काच, खाली टाइल्स, वर उघडा स्लॅब, आवाज कुठंच मुरत नाही, आपटून परत येतो. खोलीत बसलेल्यांना ते जाणवत नाही कारण आपले कान नको ते गाळून टाकतात, माईक काही गाळत नाही. तिला जे पोचतं ते विहिरीत बोलल्यासारखं.

"आवाज घुमून राहिला," ती म्हणते. दोन मिनिटांनी परत म्हणते. तिसऱ्यांदा म्हणत नाही.

हायब्रिड ऑफिस, म्हणजे काही जण ऑफिसात आणि काही घरून, असं करायचं म्हटलं की आधी रंगीत सोफे आणि बीन बॅगा येतात. माझं म्हणणं आहे, सुरुवात ह्या खोलीपासून करा, जो माणूस खोलीत नाही त्याच्या बाजूनं.

काचेला जाड पडदे, खाली कार्पेट, छताला फेल्टचे पॅनल, एवढ्यानंच अर्धं काम होतं. मग टेबल. लांब टेबलाच्या टोकाला टीव्ही लावला की कॅमेऱ्याला पहिले दोन चेहरे दिसतात, बाकीच्यांचे नुसते कान आणि कोपर. अर्धगोल टेबल घ्या, सगळ्यांची तोंडं स्क्रीनकडे, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला. आणि पाठीमागे पश्चिमेची खिडकी नको, आपल्याकडे दुपारी तिथून इतकं ऊन येतं की पलीकडच्याला चेहऱ्यांच्या जागी काळे ठिपके दिसतात.

आता खुर्च्यांचा हिशेब. चाळीस लोक, प्रत्येकजण आठवड्यात तीन दिवस येणार, म्हणजे १२० हजेऱ्या, पाच दिवसांत वाटल्या तर रोज २४. मग २४ टेबलं पुरतील असं कागदावर वाटतं, पण सगळ्यांनी मंगळवार-बुधवारच धरला तर सोळा जण लॅपटॉप मांडीवर घेऊन पॅन्ट्रीत बसणार. म्हणून टीमनं आपले दिवस आधी ठरवायचे, टेबलं त्यानंतर मोजायची. आणि ज्याची जागा रोज बदलते त्याला डब्बा, हेल्मेट ठेवायला स्वतःचं लॉकर पाहिजेच, नाहीतर त्याला ऑफिस आपलं वाटत नाही. फोनवर बोलायला दोन-तीन बंद केबिनही लागतात, हवा खेळणाऱ्या, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात पंख्याविना बंद केबिन म्हणजे भट्टी.

तीच खोली, जूनच्या पहिल्या आठवड्यात. पडदे लागलेत, टेबल बदललंय. एक जण फक्त स्क्रीनकडे लक्ष ठेवून बसलाय, आज त्याची पाळी आहे. अमरावतीची ताई आता म्यूटवर राहून कूलर चालू ठेवते, हेडफोनमध्ये तिला सगळं नीट ऐकू येतं. मधेच ती हात वर करते. तो म्हणतो, "थांबा रे, ताई बोलतेय." म्यूट निघतो, मागून कूलरची घरघर येते, आणि टेबलावरचे सहाही जण गप्प होऊन तिचं ऐकतात.