काट्यावरची रात्रपाळी आणि डार्क मोड

(सांगलीत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

गाळप हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याचा वजनकाटा रात्रंदिवस चालतो. रात्री दोन वाजता केबिनमधला कारकून संगणकावरच्या ॲप्लिकेशनमध्ये ट्रॅक्टरचा नंबर टाकतो, भरल्या गाडीचं वजन घेतो, रिकामी होऊन आली की पुन्हा घेतो आणि निव्वळ वजनाची पावती काढतो. बाहेर मिट्ट काळोख, समोर पांढराशुभ्र पडदा. दर गाडीला नजर खिडकीबाहेर जाते आणि परत पडद्यावर येते. डार्क मोड, म्हणजे गडद पडद्यावर फिकट अक्षरं, हवा आहे तो या माणसाला.

तेच ॲप्लिकेशन दुपारी वाळवा तालुक्यातला एखादा शेतकरी बांधावर उभा राहून मोबाइलवर उघडतो. आपल्या उसाचं टनेज किती भरलं, एवढंच त्याला बघायचंय. भर उन्हात काचेवर आभाळ उमटतं, आणि पडदा गडद असला की अक्षरांपेक्षा आभाळच जास्त दिसतं. त्याला पांढरी पार्श्वभूमीच बरी. तेव्हा दोन्हींतलं चांगलं कोणतं, हा वाद घालू नका. कोण, कुठं, कोणत्या वेळी बघतोय, यावर ते ठरतं, आणि ठरवायचा हक्क बघणाऱ्याचा आहे.

त्याची सोय ब्राउझरमध्ये आहे. २०१८ मध्ये ॲपलच्या संगणकांवरच्या मॅकओएस मोहावेत डार्क मोड आला, २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आणि आयओएस १३ मध्ये. त्याच २०१९ मध्ये सफारी, फायरफॉक्स आणि क्रोम या तिघांनी ‘प्रेफर्स-कलर-स्कीम’ ही मीडिया क्वेरी समजून घ्यायला सुरुवात केली. वापरणाऱ्यानं फोनमध्ये काय निवडलंय, ते तुमच्या सीएसएसला, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या कोडला, तिच्यामुळं कळतं. पण तेवढ्यावर थांबू नका. सेटिंगमध्ये तीन पर्याय द्या: उजेडाचा, गडद आणि फोनप्रमाणे. काट्यावरचा संगणक तीन पाळ्यांत तीन जण वापरतात. यंत्राची निवड ती प्रत्येकाची निवड नसते.

आता काम कसं करायचं? सगळ्या पानावर ‘इन्व्हर्ट’चा फिल्टर टाकून रंग उलटे करणारे बरेच आहेत. त्यानं शेतकऱ्याचा फोटोही निगेटिव्हसारखा दिसतो. ते करू नका. आधी सीएसएसमधले विखुरलेले रंग गोळा करा आणि सीएसएस व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या कप्प्यांत, ठेवा. व्हेरिएबलला नाव मात्र त्याच्या कामावरून द्या: पार्श्वभूमी, मजकूर, दुय्यम मजकूर, कड, इशारा. ‘पांढरा’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये उद्या काळा रंग भरलात, तर पुढं कोड वाचणाऱ्याचे हाल होतात. वेळेचा मोठा भाग या गोळा करण्यातच जातो. तो नीट झाला की गडद रंगांचा संच लिहिणं सोपं आहे. सोबत सीएसएसमधली ‘कलर-स्कीम’ ही प्रॉपर्टीही लावा. ती विसरलात तर सगळं पान गडद होतं, पण स्क्रोलबार आणि तारीख निवडायची चौकट पांढरीच राहते.

रंग निवडताना डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नका, मोजा. वेबपानं सगळ्यांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी निकषांत साध्या मजकुरासाठी कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, किमान ४.५ : १ लागतो, मोठ्या अक्षरांसाठी ३ : १. गूगलच्या मटेरियल डिझाइन या मार्गदर्शिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत शुद्ध काळ्याऐवजी १२१२१२ या संकेतांकाचा गडद करडा सुचवला होता. आता बी-शून्य-शून्य-शून्य-दोन-शून्य या संकेतांकाचा लाल घ्या. पांढऱ्यावर तो ७.३ : १ भरतो, उत्तम. त्या करड्यावर तोच लाल जेमतेम २.६ : १ वर येतो. म्हणजे ‘वजन मर्यादेपेक्षा जास्त’ हा इशाराच रात्री दिसेनासा होतो, आणि दिसायला हवा तो तोच. गडद संचात फिकट, कमी भडक लाल घ्यावा लागतो. पिवळ्याचं बरोबर उलटं. पांढऱ्यावर न दिसणारा पिवळा गडदवर झळकतो. म्हणून रंग दोन्ही संचांत वेगवेगळे तपासा.

आपल्या लिपीचा विचार परदेशी मार्गदर्शिकांत क्वचितच असतो, म्हणून यावर जरा थांबतो. काळ्यावर पांढरं अक्षर डोळ्याला पसरल्यासारखं दिसतं, दृष्टिवैषम्य असलेल्याला तर जास्तच. रोमन अक्षरांचं त्यात फारसं बिघडत नाही. देवनागरीत शिरोरेषा, मात्रा, रफार सगळं दाटीनं बसलेलं असतं. शेतकऱ्यांच्या यादीत ‘आष्टा’ आणि ‘कृष्णा’ लहान अक्षरांत वाचून पाहा. जोडाक्षरांतल्या फटी बुजायला लागतात, अनुस्वार शिरोरेषेला चिकटल्यासारखा वाटतो. उपाय आहेत: मजकूर शुद्ध पांढरा न ठेवता किंचित करडा करा, आकार आणि ओळींमधलं अंतर थोडं वाढवा. नोटो सॅन्स देवनागरीसारखा व्हेरिएबल फॉन्ट, म्हणजे जाडी हवी तशी बदलता येणारा, असेल तर गडद संचात अक्षरांचं ‘वजन’ (जाडी) ४०० वरून ३५० च्या आसपास आणून बघा.

वापरणाऱ्याची निवड लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात, ठेवलीत, तर ती वाचणारी छोटी स्क्रिप्ट पानाच्या कोडच्या सुरुवातीला, हेडमध्येच हवी, पान रंगायच्या आधी. ती शेवटी टाकली तर प्रत्येक पावतीला आधी पांढरा झोत येतो आणि मग पान काळं होतं. रात्रपाळीतल्या माणसाला त्यापेक्षा सरळ पांढरं पान परवडेल.

बॅटरीबद्दल नेहमी विचारलं जातं. फायदा ओएलईडी पडद्यावरच होतो, कारण तिथं काळा पिक्सेल बंद असतो. २०२१ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजलं, तेव्हा ३० ते ५० टक्के ब्राइटनेसला बचत सरासरी ३ ते ९ टक्केच निघाली, पूर्ण ब्राइटनेसला ३९ ते ४७ टक्के. केबिनमधल्या साध्या एलसीडीमागचा दिवा सहसा तसाच जळत राहतो.

छपाईसाठी वेगळा नियम लिहा आणि तिथं रंग उजेडाचेच ठेवा. ब्राउझर छापताना पार्श्वभूमी सहसा गाळतो, आणि फिकट अक्षरांची पावती शेतकऱ्याच्या हातात पडता कामा नये.

तपासणीला क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये दोन्ही संच बदलून पाहता येतात. पण एकदा काट्यावर जाऊन तिथल्या जुन्या मॉनिटरवर बघाच. तुमच्या लॅपटॉपवर वेगळे दिसणारे दोन गडद करडे तिथं एकच होतात, आणि पावतीची चौकट पार्श्वभूमीत विरघळते. अशा ठिकाणी करड्याची आणखी एक छटा शोधत बसू नका, चौकटीला बारीक फिकट कड द्या.